पांघरूण कोणावर?

उत्पत्तीच्या पुस्तकात जलप्रलयानंतरची एक छोटी कथा आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात तारवाची गोष्ट रंगवून सांगितली जाते. ही मात्र बहुधा वगळली जाते. द्राक्षमळा लावणारा नोहा द्राक्षारस पिऊन धुंद होतो आणि आपल्या तंबूत उघडा पडतो. त्याचा मुलगा हाम ते पाहतो आणि बाहेर जाऊन भावांना सांगतो. शेम आणि याफेथ मात्र खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे आत जातात आणि पित्याकडे न पाहता त्याला झाकतात. प्रमाद नोहाचा होता, तो कथा लपवीत नाही. पण तिचा रोष आहे तो दुसऱ्याची लाज बाहेर नेणाऱ्यावर.

किशोरवयीन मुले, त्यांच्या हातांतील मोबाईल आणि त्यावरून पाठवली जाणारी विवस्त्र छायाचित्रे यांविषयी विचार करताना ही कथा मनातून जात नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी व मुलगा भावनेच्या भरात स्वतःची अशी छायाचित्रे एकमेकांना पाठवितात. हे कृत्य अनुचित आहे याविषयी आपल्या घरांत दुमत नसावे. शरीर ही देणगी आहे आणि देणगीची राखण करावयाची असते, असेच आपण मुलांना शिकवितो. परंतु अनुचित ते सारे गुन्हाच मानावे काय? आणि मानावयाचे तर गुन्हेगार कोण?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा प्रश्न न्यायालयापुढे आला होता. २००४ साली तेथील सोळा वर्षांची एक मुलगी आणि तिचा सतरा वर्षांचा मित्र यांनी आपल्या खाजगी क्षणांची छायाचित्रे डिजिटल कॅमेऱ्याने काढली आणि ई-मेलने पाठविली. ती त्या दोघांपलीकडे कोणालाही दाखविण्यात आली नव्हती. पोलिसांनी झडतीचे वॉरंट मिळवून ती हस्तगत केली आणि दोघांवरही खटला भरला. ज्या कायद्याखाली तो भरला, तो बालकांना वापरून अश्लील चित्रे निर्माण करणाऱ्यांसाठी केलेला होता. मुलीला देखरेखीखाली ठेवण्यात आले. तिने अपील केले. जानेवारी २००७ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी तिच्याविरुद्ध निर्णय दिला.

बहुमताचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. या वयातील नाती टिकतीलच असे नाही, नाते तुटले की अशी छायाचित्रे इतरांच्या हाती पडू शकतात, आणि त्याचे परिणाम ओळखण्याइतकी प्रगल्भता मुलांपाशी नसते. म्हणून त्यांना त्यांच्यापासूनच वाचविण्याचा अधिकार राज्याला आहे, असे त्या न्यायाधीशांचे म्हणणे. कोणताही पिता या भीतीशी सहमत होईल. असहमत न्यायाधीशांनी मात्र मर्मावर बोट ठेवले: इतरांच्या अत्याचारापासून बालकाचे रक्षण करण्यासाठी केलेला कायदा येथे बालकालाच तिच्या चुकीबद्दल शिक्षा देण्यासाठी वापरला गेला.

आमच्या मते खरा अन्याय येथेच आहे. मूल अप्रगल्भ आहे म्हणून त्याला संरक्षण द्यावयाचे, आणि त्याच अप्रगल्भतेतून घडलेल्या कृत्याबद्दल त्याला जाणत्या गुन्हेगाराच्या कलमाखाली उभे करावयाचे, या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत. एकाच व्यक्तीला एकाच कृत्यात बळी आणि अपराधी ठरविणारा कायदा न्यायाची भाषा बोलत असेल; न्याय करीत नाही.

पेनसिल्व्हेनिया राज्यात तर याहून विचित्र प्रकार घडला. २००८ मध्ये एका शाळेने विद्यार्थ्यांचे मोबाईल जप्त केले, त्यांत मुलींची अर्धवस्त्र व विवस्त्र छायाचित्रे आढळली. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने पालकांपुढे पर्याय ठेवला: मुलींनी सुधारणावर्गाला बसावे, नाहीतर गंभीर गुन्ह्याच्या आरोपाला तोंड द्यावे. आपण काय केले आणि ते चूक का होते, यावर मुलींनी त्या वर्गात निबंध लिहावयाचा होता. तीन मुलींच्या पालकांनी नकार दिला. त्यांपैकी दोघींच्या छायाचित्रात त्या अंतर्वस्त्रांत होत्या, एवढेच. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले. २०१० मध्ये अपील न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. आपल्या लेकरांना नीती शिकविण्याचा अधिकार प्रथम आईवडिलांचा असून खटल्याची धमकी देऊन तो हिरावता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. पालक हेच मुलांचे पहिले शिक्षक, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला अपरिचित नाही.

पाप आणि गुन्हा यांतील भेद ख्रिस्ती विचाराने फार पूर्वीच ओळखला आहे. मानवी कायद्याने सर्वच दुर्गुणांना शिक्षा करावी काय, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात घेतला आणि नकारार्थी उत्तर दिले. कायदा सामान्य जनसमूहासाठी असतो आणि त्यातील बहुसंख्य माणसे सद्‌गुणांत परिपूर्ण नसतात. म्हणून कायद्याने अधिक गंभीर दुष्कृत्ये, विशेषतः इतरांना इजा करणारी, रोखावीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बाकीचे क्षेत्र विवेकाचे, कुटुंबाचे आणि धर्माचे. कायद्याने तेथे पाऊल टाकले की आईचे काम फौजदार करू लागतो, आणि ते त्याला जमत नाही.

याचा अर्थ कायद्याने डोळे मिटावेत असा नाही. विश्वासाने दिलेले छायाचित्र जो मित्रमंडळीत फिरवितो, जो ते दाखविण्याची धमकी देऊन आणखी मागतो, जो प्रौढ असून मुलाला त्यासाठी भुलवितो, तो हामच्या वाटेने गेला आहे. येथे इजा आहे, विश्वासघात आहे, पुष्कळदा जुलूम आहे. येथे कायदा कठोरच हवा. शिवाय असे चित्र हाती येताच ते पुढे ढकलणारे आपल्यातील जाणते लोकही या दोषातून सुटत नाहीत.

भेद न करणारा कठोरपणा मात्र कोठे नेतो, हे जर्मनीच्या अनुभवावरून दिसते. तेथे २०२१ मध्ये बालकांच्या लैंगिक चित्रांबाबतची किमान शिक्षा एक वर्ष कारावास अशी वाढविण्यात आली. हेतू उत्तम होता. पण त्यामुळे क्षुल्लक प्रकरणे सोडून देण्याची मुभाच उरली नाही. मुलांच्या गटात फिरणारे चित्र पाहून इतर पालकांना सावध करण्यासाठी ते पाठविणाऱ्या माता आणि शिक्षक त्या जाळ्यात सापडले. वस्त्र घेऊन निघालेल्या शेम आणि याफेथलाच पकडण्यासारखे ते झाले. अखेर २०२४ मध्ये किमान शिक्षा पुन्हा खाली आणावी लागली: प्रसारासाठी सहा महिने, बाळगण्यासाठी तीन.

आता आपल्या देशाकडे वळू. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६७-ब या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक चित्रण तयार करणे वा पाठविणे हा गुन्हा असून पहिल्या खेपेस पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःचे छायाचित्र स्वतःच्या इच्छेने पाठविणाऱ्या मुलाला त्या कलमात वेगळी सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा सामग्रीला ‘बाल अश्लीलता’ न म्हणता शोषण आणि अत्याचार दर्शविणारे शब्द वापरावेत, असे सांगितले. ते योग्यच झाले. पण मग विचारावे लागते: जेथे दोन समवयस्क मुलांखेरीज तिसरा कोणी नाही, तेथे शोषण करणारा कोण?

आपला बाल न्याय अधिनियम, २०१५, येथे थोडा दिलासा देतो. अशी मुले सामान्य न्यायालयाऐवजी बाल न्याय मंडळापुढे जातात आणि मुलाला नवी सुरुवात करू द्यावी हे तत्त्व त्या कायद्यातच लिहिलेले आहे. तथापि मंडळापर्यंत पोहोचण्याआधी पोलीस ठाणे, शाळा आणि शेजार यांतून जावे लागते. त्या वाटेवर लेकराचे जे होते, ते कोणतेही मंडळ भरून काढू शकत नाही.

समजा, आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या मुलीला कोणी धमकावीत आहे. आईला सांगावे तर ओरडा बसेल, शिक्षकांना सांगावे तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे त्यांना बंधनकारक, आणि पोलिसांत जावे तर छायाचित्र मुळात आपणच काढलेले. ती गप्प बसते. धमकावणाऱ्याचे सर्वांत मोठे शस्त्र म्हणजे तिचे हे भय, आणि भेद न करणारा कायदा ते शस्त्र त्याच्या हाती आयते देतो. मुलांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने त्यांचे तोंड बंद होत असेल, तर तो आपल्या हेतूलाच पारखा झाला.

सौम्यपणा दाखविला तर मुले सोकावतील, अशी शंका कोणी घेईल. फ्लोरिडानेच तिचे उत्तर दिले आहे. त्या राज्याने २०११ मध्ये अल्पवयीनांसाठी वेगळी तरतूद केली: पहिली चूक गुन्हा न मानता आठ तासांचे समाजकार्य किंवा साठ डॉलर दंड, पुन्हा केल्यास अधिक. चुकीला चूक म्हटले गेले, तिची किंमतही मोजायला लावली, पण लेकराच्या कपाळावर गुन्हेगार असा शिक्का मारला नाही. आपल्या विधिमंडळांनीही समवयस्कांचा प्रमाद आणि विश्वासघात यांत अशी स्पष्ट रेषा आखावयास हवी.

मराठीत ‘पांघरूण घालणे’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. एक, गुन्हा दडपणे. दुसरा, निजलेल्या लेकराला मायेने झाकणे. समाज म्हणून आपण पुष्कळदा हे दोन्ही उलटे करतो: धमकावणारा मोठ्या घरचा असेल तर त्याच्यावर पांघरूण घालतो आणि फसलेल्या मुलीला उघड्यावर आणतो. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर रात्री फोन हातात घेऊन रडणाऱ्या आपल्या मुलाला वा मुलीला, आईबाबांना सांगितले तर ते आधी आपल्याला झाकतील आणि मग रागावतील, एवढी खात्री तरी आपल्या घरात असावी. ती आहे का, हे प्रत्येकाने आपापल्या उंबरठ्याच्या आत तपासून पाहावे.