हे घड्याळ चालू झालेलं नाही

बसू नकोस. आधी मागच्या बाजूने भिंग लावून आत बघ, आणि मग मला सांग, हे तू दुरुस्त केलंस का.

पणजोबा इगतपुरीला जीआयपी रेल्वेत गार्ड होते, हे तूच सांगितलंस. थळ घाटातल्या गाड्यांच्या वेळा ज्यावर बघून लिहिल्या गेल्या, ते वेस्ट एंड कंपनीचं खिशातलं घड्याळ तू गंगापूर रोडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, भाजी चिरायच्या सुरीने उघडलंस. झाकणाच्या कडेला पडलेला हा चरा आता कधीच जाणार नाही.

वर खोबरेल तेल सोडलंस. ‘सर, चालायला लागलं, फक्त दिवसाला वीस मिनिटं पुढे जातं,’ असं आनंदाने सांगतोस. अरे, पुढे जातंय तेच तर बिघडल्याचं लक्षण! तेल हेअरस्प्रिंगवर गेलं, वेढे एकमेकांना चिकटले, स्प्रिंग आखडली आणि बॅलन्सची गती वाढली. अशा घड्याळाचा बॅलन्स साधारण तासाला 18,000 ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. त्याच्या आसाची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी बारीक. तिथे सुईच्या टोकावर राहील इतकंच तेल लागतं, तेही घड्याळाचं, आणि जुनं वाळलेलं तेल धुऊन काढल्यावर. घाणीवर तेल घातलं की काळा चिकटा होतो आणि तो पोलादाला खातो. त्यात खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं. नाशिकच्या थंडीत तेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या घरात वाढलास तू, तुला हे सुचू नये?

लिव्हर स्पिरिटमध्ये बुडवायचा विचार होता म्हणे. बुडवला नाहीस, तेवढं वाचलं. लिव्हरचे खडे लाखेने बसवलेले असतात. सुतार पॉलिशसाठी तीच लाख, म्हणजे चपडा, कशात विरघळवतो, ते कधी बघितलंयस का? स्पिरिटमध्येच. आणि मेनस्प्रिंग भरलेली असताना लिव्हर काढला असतास, तर चक्रं सुसाट सुटून आसाची टोकं मोडली असती. आधी खटका धरून चावी हळूहळू उतरवायची, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मी.

पण माझा खरा राग याचा नाही. काच काढून काट्यांवरचा तपकिरी रंग तू ब्लेडने खरवडलास. का? तर जुनाट दिसत होता! त्या काळच्या घड्याळात अंधारात चमकणारा रंग बहुतेक रेडियमचा असे. आता चमकत नाही म्हणजे रेडियम गेलं, असं नसतं. चमकणारं जस्ताचं रसायन थकतं. रेडियम निम्मं व्हायलाच 1,600 वर्षं लागतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवायच्या. 1920च्या दशकात त्यांचे जबडे सडले, कित्येक जणी गेल्या. ती पूड तू जेवणाच्या टेबलावर पाडलीस, आणि तुझी धाकटी बहीण त्याच टेबलावर जेवते.

आत्ताच्या आत्ता घरी जा. झाडू फिरवू नकोस, फुंकर मारू नकोस, व्हॅक्यूम तर अजिबात लावू नकोस. ओल्या कागदाने टेबल आणि खालची फरशी पूस. तो कागद आणि ते ब्लेड पिशवीत घट्ट बंद करून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेव. नखांसकट हात साबणाने धू. बहिणीला आणि आईला काय झालंय ते स्वतःच्या तोंडाने सांग, लपवू नकोस. घड्याळ इथेच राहील. तबकडीची बाजू मीसुद्धा उघडणार नाही.

चांदीची केस भांड्यांच्या पुडीने घासायचंही तुझ्या मनात आहे, तुझ्या बोलण्यावरून कळलं मला. तिथे पणजोबांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. त्यांना हात लावलास, तर पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस.

शिकायचं असेल तर कुठूनही एचएमटीचं बंद पडलेलं चावीचं हातघड्याळ मिळव. ते माझ्यासमोर उघड, एकेक स्क्रू क्रमाने कागदावर मांड, धुऊन, जोडून चालू करून दाखव. ते वेळ बरोबर दाखवायला लागलं, की पणजोबांच्या घड्याळाचं बोलू.