कोकोचा भाव आणि न्यायाचा दाखला

१९०९ साली कॅडबरी, फ्राय आणि राउन्ट्री या इंग्रज कारखानदारांनी, आपण घेत असलेला कोको साओ तोमे बेटावर गुलामीवजा वेठीने पिकतो हे सत्य दीर्घकाळ टाळल्यानंतर, तेथील खरेदी बंद केली. आणि त्यांच्या मागणीला गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा, आधार उरला. तेथील शेतकरी आपल्या जमिनीचा धनी होता. तेव्हा नैतिक प्रश्न मिटला असे मानणे सोयीचे होते. परंतु जमिनीची मालकी आणि भाव ठरविण्याचा अधिकार या भिन्न गोष्टी आहेत, हे १९३७ मध्ये त्या शेतकऱ्यांनीच दाखवून दिले. युरोपीय पेढ्यांनी आपसांत करार करून खरेदीचा भाव बांधताच त्यांनी माल महिनोन्‌महिने रोखून धरला, आणि पुढल्याच वर्षी ब्रिटिश सरकारच्या नॉवेल आयोगाला तो करार मागे घेण्याची शिफारस करावी लागली.

या लढ्यातून राज्यकर्त्यांनी बोध घेतला तो मात्र सरकारी मक्त्याचा. १९४७ साली स्थापन झालेल्या कोको मंडळाने शेतकऱ्याला भावाच्या चढउतारापासून आडोसा दिला खरा, पण जागतिक भाव आणि बांधावरचा भाव यांतील फरकाचा मोठा हिस्सा खजिन्यात वळता केला.

न्यायाचा भार खरेदीदाराच्या सद्‌बुद्धीवर टाकण्याची कल्पना पुन्हा वर आली ती १९८८ मध्ये, मेक्सिकोतील कॉफी उत्पादकांच्या आग्रहातून. नेदरलँड्समध्ये निघालेल्या न्याय्य व्यापाराच्या मुद्रेला जावामधील वसाहती जुलूम उघड करणाऱ्या १८६० च्या कादंबरीच्या नायकाचे, मॅक्स हॅवेलारचे, नाव देण्यात आले. पुढे कोकोलाही हीच मुद्रा लागली. किमान भाव आणि त्यावर शेतकऱ्यांच्या संघाला द्यावयाचे अधिमूल्य, ही तिची दोन अंगे. आपल्याकडील हमीभावाशी तिचे साम्य चटकन जाणवते. फरक इतकाच, की मुद्रेमागे जामीन राहणारा कोणी राजा नाही, तर राजीखुशीने आलेला गिऱ्हाईक आहे.

हिशेब मांडला म्हणजे मोह ओसरतो. २०१९ मध्ये किमान भाव टनास २,४०० डॉलर आणि अधिमूल्य २४० डॉलर ठरले. तीन हेक्टरांचा धनी, हेक्टरी चार-पाचशे किलो पीक धरले, तर वर्षाला सव्वा-दीड टन माल काढतो. म्हणजे सगळा माल मुद्रेखाली विकला गेला आणि सगळे अधिमूल्य त्याच्या हाती पडले, तरी घरात जादा येणार तीनशे-साडेतीनशे डॉलर. प्रत्यक्षात संघाच्या मालापैकी काही भागच त्या मुद्रेखाली खपतो, तपासणीचा खर्च मात्र साऱ्या कारभारावर पडतो. शिवाय तो किमान भाव बंदरावरचा. घानात बांधावरचा भाव सरकार ठरविते, त्यामुळे शेतकऱ्याच्या पदरात मुख्यतः अधिमूल्यच येते.

तरीही मी या व्यवस्थेला निष्फळ म्हणणार नाही. कुमासीत १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कुआपा कोकू या संघाची कथा मला अधिमूल्यापेक्षा मोलाची वाटते. खरेदीदाराच्या कारकुनाने तराजूत मारलेली दांडी ही तेथील शेतकऱ्याची जुनी तक्रार. संघाने वजन करणारा माणूसच गावाने निवडावा अशी रीत घातली. पुढे लंडनच्या डिव्हाइन या चॉकलेट कंपनीत त्याने भाग मिळविले, आणि ते एकेकाळी ४५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. मुद्रेने या संघाला बाजार मिळवून दिला हे निःसंशय. परंतु तराजू हाती घेण्याची बुद्धी तिने दिलेली नव्हती, तिचे मूळ १९३७ मध्ये आहे.

आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन राज्यांनी २०२०-२१ च्या हंगामापासून टनामागे ४०० डॉलरांची आगळी आकारणी लावली, तेव्हा खरेदीदारांनी इतर दरफरक कमी करून तिची धार बोथट केली. पुढे २०२४ मध्ये जागतिक भाव दहा हजारांपलीकडे गेला. घानाचा माल बव्हंशी आगाऊ विकला गेला असल्याने तेथील शेतकऱ्याला त्या तेजीचा अंश तेवढा मिळाला, पुष्कळ कोको चोरवाटेने सीमेपलीकडे गेला, आणि २,४०० चा किमान भाव कोणालाही आठवण्याचे कारण उरले नाही.