ज्ञात्याचे अश्रू



दशक्रियेच्या प्रवचनाला वक्ता उभा राहिला की त्याच्या तोंडचे पहिले वाक्य ठरलेले असते : आत्मा अमर आहे, शोक करू नये. सिद्धान्त खरा आहे, त्यात काना-मात्रेचाही फरक करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ज्याला तो कळला त्याच्या डोळ्यांत पाणी यावे की नाही? आले तर त्याचे ज्ञान कच्चे समजावे काय?

या प्रश्नासाठी मी ख्रिस्ती लोकांच्या बायबलातील एक आख्यान घेतो. घरचे सोडून परधर्मातले कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या मुरुड तालुक्यात कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज अमदानीपासूनची ख्रिस्ती वस्ती नांदते आहे, आणि पोर्तुगिजाशी नाते सांगणारी आपली बोली ती अजून घरात बोलते. मराठीचीही या ग्रंथाशी सोयरीक जुनी आहे. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. गोव्यात राहून त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले, तेव्हा नाथमहाराजांना समाधी घेऊन सतरा वर्षे झाली होती. रेव्हरंड टिळकांनी तर आपला अभंग आणि आपले कीर्तन दोन्ही उचलले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, असे ते म्हणत. पुलावरून दोन्ही अंगांनी ये-जा होते. आपणही जाऊन पाहून यावे, माळ तुटत नाही.

आख्यान योहानाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात आहे. बेथानी गावात मार्था आणि मरिया या दोघी बहिणी आणि त्यांचा भाऊ लाजर राहत. येशूंचा या घरावर फार जीव. लाजर आजारी पडला, बहिणींनी निरोप धाडला, तरी येशू होते तिथेच आणखी दोन दिवस राहिले. पोहोचले तेव्हा प्रेत गुहेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था सामोरी गेली आणि म्हणाली की आपण इथे असता तर माझा भाऊ गेला नसता. मागाहून मरिया आली. तिनेही पायांवर पडून तेच गाऱ्हाणे मांडले, शब्दसुद्धा तेच. तिला रडताना पाहून येशू आतून कळवळले आणि रडले. ग्रंथकाराने हे इतक्या लहान वाक्यात सांगितले आहे की वाचणारा न थांबता पुढे निघून जातो.

थांबण्यासारखी जागा मात्र तीच आहे. लाजर निजला आहे, त्याला उठवायला मी जातो, असे येशूंनी निघण्यापूर्वीच शिष्यांना सांगितले होते. घटकाभरात धोंड सरकणार आणि लाजर बाहेर येणार, हे ज्याला ठाऊक, तोच रडतो आहे. शोक अज्ञानापोटी होतो हा आपला नियम इथे लावून पाहा, बसत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते लाजरासाठी रडलेच नाहीत, मरियेसाठी रडले. पुढचे तिला ठाऊक नव्हते. तिने काढलेले चार दिवस खरे होते, आणि भाऊ उठून बसला म्हणून ते मागाहून खोटे ठरत नाहीत.

यावर पूर्वपक्ष असा की, मग भगवंतांनी गीतेत अर्जुनाचे अश्रू का पुसले? उत्तर अर्जुनाच्या हातात पाहावे. तिथे धनुष्य नाही. त्याचा शोक त्याला कर्तव्यातून उठवीत होता. येशू रडले आणि तसेच गुहेकडे चालू लागले. डोळ्यांतले पाणी सारखे असले तरी जाण्याची दिशा एक नाही.

आपल्याकडे तरी काय आहे? १२९६ साली आळंदीला माउलींनी समाधी घेतली, तो प्रसंग नामदेवरायांनी सांगितला आहे. त्यात निवृत्तिनाथांचा बांध फुटतो. निवृत्तिनाथ म्हणजे माउलींचे थोरले बंधू आणि गुरू. ज्यांनी ज्ञान दिले तेच व्याकूळ झाले. या प्रसंगाचे कीर्तन करताना काही वक्ते हे लौकिक दाखवण्यापुरते होते असे सांगून मोकळे होतात. मला ते कधी पटले नाही. संतांच्या अश्रूंना नाटक म्हणून त्यांचे ज्ञान सांभाळायचे, हा कुठला हिशेब?

क्रुसावर येशूंनी देवाला विचारले की तू मला का टाकलेस, त्यावरूनही त्यांची श्रद्धा ढळली असे म्हणणारे भेटतात. ते उद्गार मुळात दाविदाच्या नावावर असलेल्या बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. आपल्याकडे एखादा म्हातारा माळकरी जाताना अभंगाचा चरण पुटपुटतो, तसेच ते. आणि जनाबाईंनी विठोबाला दिलेल्या शिव्या ज्याने ऐकल्या आहेत, दुष्काळात बायको-मुलगा गेल्यावरही तुकोबा देवाशी कसे भांडले हे जो जाणतो, त्याला या तक्रारीचे नवल वाटू नये. परक्याशी कोणी असे भांडत नाही.

आता मार्थेकडे येतो. दोघी बहिणींचे गाऱ्हाणे एकच, पण मार्थेला येशूंनी पुनरुत्थानाचा सिद्धान्त सांगितला आणि मरियेला काहीच सांगितले नाही, तिच्यासोबत ते रडले. आपण याला अधिकारभेद म्हणतो. आमच्या किनाऱ्यावर होडी परत येत नाही तेव्हा कोळीवाड्यात कितीतरी घरांतून प्रेतही हाती लागत नाही. तिथे बसलेल्या म्हातारीला आत्म्याचे अमरत्व सांगायला वक्त्याला घाई का व्हावी? तिने ते विचारलेले नसते. विचारील तेव्हा जरूर सांगावे.

आणि मार्थेने सिद्धान्त ऐकला होता, मानलाही होता. तरी धोंड काढा म्हटल्यावर तीच पुढे येऊन म्हणाली की चार दिवस झालेत, आता दुर्गंधी येईल. येशूंनी तिला आधीचे बोलणे पुन्हा एकदा आठवून दिले, आणि मग लोकांनी धोंड सरकवली.