माशाच्या मुखी कोणाचा घास?

तळ्यात वा समुद्रातील जाळीत पोसलेल्या माशालाही पुष्कळदा मासळीच खाऊ घालतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. लहान मासळी उकडून, पिळून, वाळवून तिची भुकटी करतात. सुमारे साडेचार किलो ताज्या मासळीपासून एक किलो भुकटी मिळते. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल, मॉरितानिया व गांबिया या देशांत तारलीच्या जातकुळीची मासळी हे गरिबाचे अन्न. तेथील स्त्रिया ती धुरावून बाजारात विकतात. किनाऱ्यावर भुकटीचे कारखाने आले आणि त्यांच्या टोपलीतली मासळी परदेशातील मत्स्यशेतीकडे वळली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारलीही अशा कारखान्यांत जाते. कोळंबीच्या खाद्यात ही भुकटी असते. अन्न वाढवण्यासाठी उभा राहिलेला व्यवसाय गरिबाच्याच ताटातले उचलू लागला, तर त्याला काय म्हणावे?

यावर उपाय म्हणून कीटकांचे खाद्य पुढे आले आहे. ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्या सडकी फळे, भाज्यांचा कचरा फस्त करून दोन-तीन आठवड्यांत पुष्ट होतात. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. युरोपीय संघाने १ जुलै २०१७ पासून मत्स्यशेतीत अशा खाद्याला परवानगी दिली. ज्या जीवांची आपल्याला किळस येते, त्यांनीच आपला भार हलका करावा, यात आम्हांस एक बोध दिसतो.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. रोगाच्या भीतीने त्याच युरोपात खानावळीतील उष्टे अळ्यांना घालण्यास मनाई आहे. मग अळ्यांना कोंडा घालावा लागतो. तो कोंबड्या व गुरे थेट खाऊ शकतात. म्हणजे घास वाचला नाही, केवळ ताट बदलले! शिवाय अळीला वेदना होते की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. जेथे शंका आहे, तेथे मारण्याची रीत तरी कमीत कमी क्लेशाची असावी.

आमच्या मते या खाद्याला दोन कसोट्या लावाव्यात. जे दुसऱ्या कोणाच्याही पोटी जाणार नाही, त्यावरच अळ्या पोसल्या जातात काय? आणि वाचलेली मासळी गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचते काय? पहिलीचे उत्तर शास्त्र देईल. दुसरीचे उत्तर शास्त्राच्या हाती नाही. ते राज्यकर्त्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि ताटावर बसणाऱ्या आपणा सर्वांच्या विवेकाकडे आहे.