शोकातील हास्य

ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्याने चार लोकांसमोर उभे राहून त्यांना हसवावे काय? हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो तो हॅरी लॉडर यांच्या जीवनकथेमुळे.

लॉडर यांचा जन्म 1870 साली स्कॉटलंडमधील पोर्टोबेलो येथे झाला. वडील लवकर वारले. सात भावंडांत थोरला असलेला हा मुलगा आधी जवसाच्या धाग्याच्या (फ्लॅक्स) गिरणीत आणि पुढे कोळशाच्या खाणीत राबला. खाणीत गाता गाता तो म्युझिक हॉलच्या रंगमंचावर पोचला. म्युझिक हॉल म्हणजे ब्रिटनमधील कष्टकऱ्यांचे आवडते नाट्यगृह. तेथे एकाच संध्याकाळी गाणी, नकला, कसरती असे सारे पाहायला मिळे. गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश घागरा व हाती वाकडीतिकडी काठी अशा वेशात लॉडर जगप्रसिद्ध झाले.

त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅप्टन जॉन, 28 डिसेंबर 1916 रोजी फ्रान्समध्ये रणांगणावर मारला गेला. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी पित्याच्या हाती तार पडली. लंडनच्या शाफ्ट्सबरी नाट्यगृहातील त्यांचा खेळ थांबला. परंतु तीन दिवसांनी ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले.

याला कोणी पाषाणहृदयी म्हणेल, कोणी ढोंग म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. ढोंग म्हणजे दुसऱ्याला फसवून स्वतःचा लाभ साधणे. येथे प्रेक्षकांना लॉडर यांचे दुःख ठाऊक होते, आणि त्या खेळावर इतर अनेक कलावंतांची व कामगारांची चूल पेटत होती. पतीच्या निधनानंतर आठवड्याभरात लेकरांना गोष्ट सांगून हसवणाऱ्या आईला आपण खोटी म्हणत नाही. तिचे दुःख कमी झालेले नसते; मुलांची गरज तिने त्याच्या आधी ठेवलेली असते.

जून 1917 मध्ये लॉडर छोटा पियानो मोटारीतून घेऊन फ्रान्सला गेले, सैनिकांपुढे गायले आणि मुलाच्या कबरीपाशीही जाऊन आले. जायबंदी स्कॉटिश सैनिकांसाठी 10 लाख पौंड उभे करण्याचा निधी त्यांनी सुरू केला. 1919 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. युद्धाच्या प्रारंभापासून लॉडर यांनी आपली लोकप्रियता सैन्यभरतीसाठी वापरली होती. ती गाणी ऐकून गेलेली इतरांची मुलेही परतली नसतील. त्यांच्या बापांना तीन दिवसांनी कोणी टाळ्या दिल्या नाहीत. ते मुकाट्याने कामावर गेले असतील.

म्हणून आमचे उत्तर असे: शोकातही हसवणे हे पाप नव्हे, ते दुसऱ्याचे ओझे हलके करीत असेल तर तो परोपकारच आहे. परंतु हसवण्याची शक्ती ज्याला लाभली आहे, त्याने आपण लोकांना कोणत्या वाटेने नेत आहोत, हे स्वतःला विचारले पाहिजे. शोकानंतरच्या हास्याबद्दल लॉडर यांना दोष देणे आम्हांला अन्यायाचे वाटते. शोकापूर्वीच्या हास्याचा हिशेब मात्र अधिक कठीण आहे, आणि तो त्यांच्या चाहत्यांनीही मांडायला हवा.