बिघाडाचा धनी

यंत्र नीट चालत असते तेव्हा त्याचे धनी पुष्कळ असतात. दुकानदार म्हणतो, माल आमचा. कारागीर म्हणतो, हात आमचा. आणि घरचा यजमान तर ते यंत्र आपणच जन्माला घातल्याच्या थाटात पाहुण्यांना दाखवतो. ते बंद पडले की मात्र सारे धनी एका रात्रीत परागंदा होतात. म्हणून एखाद्या वस्तूचा खरा मालक कोण, याचा निवाडा तिच्या बिघाडाच्या वेळी करावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

हा विचार सुचला तो माझ्या भाच्याच्या संगणकामुळे. आम्ही गिरगावातले. ऑपेरा हाऊस ओलांडले की लॅमिंग्टन रोड. पाटीवर दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव. तेथे संगणकाचा एकेक अवयव सुटा मिळतो. मदरबोर्ड एका दुकानातून, मेमरी दुसऱ्यातून, डबा तिसऱ्यातून, असे भाजीसारखे सामान आणून भाच्याने घरी यंत्र जुळवले. यात नवल नाही. नवल हे की, त्या यंत्रात त्याने अ‍ॅपल कंपनीची मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. अशा संकराला हॅकिंटॉश म्हणतात.

ज्यांना या भानगडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. अ‍ॅपलचा कारभारी अ‍ॅपलच्याच वाड्यात राबायचा. 2006 पासून त्या वाड्यात इंटेलचे प्रोसेसर आले, म्हणजे आमच्या चाळीत होते त्याच जातीचे. मग हुशार मंडळींनी वाट काढली. ओपनकोअरसारखा एक छोटा प्रोग्राम आधी जागा होतो, 'हा मॅकच आहे' असे कारभाऱ्याला भासवतो, आणि कारभारी कामाला लागतो.

पण फसवून आणलेला कारभारी पावलोपावली अडतो. भाच्याच्या यंत्रावर चित्र दिसे, पण आवाज फुटेना. आवाजाच्या चिपला योग्य क्रमांक सापडेपर्यंत एकामागून एक क्रमांक लावून पाहावे लागतात. यंत्राला झोपवले तर ते जागे होईना. एका यूएसबी कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मानायचे, असा कारभाऱ्याचा नियम. सोळाव्याला तो ओळखच देत नाही. 2018 च्या मोहावी आवृत्तीपासून एनव्हिडियाची नवी ग्राफिक्स कार्डे त्याला वर्ज्य. तेव्हा चांगले कार्ड काढून दुसरे बसवावे लागले. यंत्र सुरू होताना पडद्यावर इंग्रजी ओळींचा पाऊस पडे. जिथे तो थांबेल तिथे दुखणे. भाचा त्या ओळी वाचत बसे, एका वेळी एकच गोष्ट बदले, आणि वहीत टिपून ठेवी.

या साऱ्या दिवसांत त्याने कुणालाही शिवी दिली नाही. मी म्हटले, "अरे, कुणाकडे तक्रार तरी कर!"

तो हसला. "कुणाकडे करू, मामा? अ‍ॅपलने मला बोलावलं नव्हतं, आणि यावर मॅक चालेल असं दुकानदार म्हणाला नव्हता."

हे उत्तर मला आवडले. पण त्याने सगळा प्रश्न सुटत नाही. ती सिस्टीम बसवताना 'मान्य' म्हणून बटण दाबावे लागते, आणि ती अ‍ॅपलच्याच संगणकावर वापरावी असे त्या करारात स्पष्ट लिहिलेले असते. तिच्या पोटातल्या एका फाइलचे तर नावच 'मॅक ओएस एक्स चोरू नका' अशा अर्थाचे आहे. यावर कुणी म्हणेल, पाटा विकत घेतला तर त्यावर कोणते वाटण वाटायचे हे पाथरवटाने का सांगावे? मलाही तसे वाटते. परंतु न्यायालयाला तसे वाटले नाही. 2008 साली फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीने असे संगणक विकायला काढले. मूळ सिस्टीमच्या प्रती तिने पैसे मोजून घेतल्या होत्या, तरी ती 2009 साली अ‍ॅपलविरुद्धचा खटला हरली, आणि 2011 साली अपीलही हरली. कायदा बाजूला ठेवला तरी दिलेला शब्द उरतोच. तो मोडला तर मोडला म्हणावे. त्याला विद्येचे सोवळे नेसवू नये. याच मुंबईत गणपत कृष्णाजींनी मिशनचा छापखाना पाहून आपल्या हातांनी छापयंत्र उभारले, शाई केली आणि 1831 साली पंचांग छापले. भाच्याची जिज्ञासा त्याच कुळातली आहे. पण त्यांचे यंत्र त्यांचे होते, याचा कारभारी दुसऱ्याचा आहे.

खरी परीक्षा पुढे आली. आमच्या वाडीतल्या लग्नपत्रिका करणाऱ्या गृहस्थांनी ते यंत्र पाहिले. "मलाही असंच करून दे, मॅक परवडत नाही," म्हणाले. चार पैसे मिळणार होते. भाचा म्हणाला, "मामा, देऊ का? मी त्यांना धोका सगळा समजावून सांगेन."

मी नको म्हटले. तो सांगेल आणि ते मान डोलावतील, यात शंका नव्हती. पण न वाचता आपण 'मान्य'चे बटण दाबतो, तसेच ते डोलावणे. तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांची घाई. त्यात एखाद्या अपडेटने यंत्र बसले तर? भाच्याला ते कोडे वाटेल, त्यांची मात्र रोजी बुडेल. आपला बिघाड आपण उशाशी घेऊन झोपावे. तो न समजणाऱ्याच्या उशाशी ठेवून पैसे घेणे हे मला करार मोडण्याहून वाईट वाटते. भाच्याने त्यांना साधाच संगणक जुळवून दिला, ज्याचे दुखणे कोपऱ्यावरचा दुकानदारही ओळखेल.

आता हा खेळ संपत आला आहे. 2020 पासून अ‍ॅपलने स्वतःच्या प्रोसेसरचे मॅक आणले, आणि इंटेलच्या मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती, असे 2025 च्या जूनमध्ये जाहीर केले. वाड्याचे ते दार बंद होईल. भाच्याची वही मात्र उरेल. अनोळखी लोकांनी फुकट लिहिलेल्या प्रोग्रामांवर त्याचे यंत्र बोलू लागले; म्हणून आपल्याला सापडलेले उपाय तोही नीट लिहून इतरांना देतो. ऋण फेडण्याची ही रीत मला पटते.

पाडव्याला आपण नवी वस्तू घरात आणतो आणि तिला हळदकुंकू लावतो. त्या वेळी हेही मनाशी विचारावे, की ही बंद पडेल त्या रात्री हिच्याजवळ बसणार कोण? आपण बसणार असू, तर खुशाल आणावी.