आधी टेप घे, मग बोल

काल तुझ्या घरी मी पाहुणी होते. बायको समोर होती, मुलगी पानावर बसली होती, म्हणून गप्प राहिले. आज मैलापूरला भाचीच्या गॅलरीत बसून लिहिते आहे आणि काल गिळलेले सगळे बोलणार आहे. वाचताना मध्येच फोन घेऊ नकोस.

तू मला तुझे स्पीकर दाखवलेस. छातीइतके उंच, लाकडी, देखणे. किंमत सांगितलीस आणि त्याच दमात म्हणालास, "बाई, पैसे पाण्यात गेले. नुसते घुमतात. विकून मोठे घ्यावेत म्हणतोय." त्या वाक्याने माझे डोके फिरले. घेऊन चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत तू ते किती वेळा जागेवरून हलवलेस? एकदाही नाही. दुकानातल्या पोराने खोकी फोडून जिथे टेकवले, तिथेच ते उभे आहेत. पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे आणि खाली लावायचे काटे त्याच पिशवीत आहेत. एक स्पीकर डाव्या कोपऱ्यात दोन भिंतींच्या बेचक्यात खुपसलेला. दुसरा तिथून चौदा फुटांवर, चपलांच्या कपाटाला खेटून, पलीकडे पॅसेज सताड उघडा. डाव्याच्या डोक्यावर मनीप्लँटची कुंडी. तू पाणी आणायला आत गेलास तेव्हा ती मी उचलून पाहिली. खाली पाण्याचे पांढरे वळे उमटले आहे आणि कडेचा पापुद्रा सुटायला लागला आहे. चेन्नईच्या दमट हवेत तो आणखी सुटेल. वस्तूची ही अशी हेळसांड करायची आणि वर वस्तूलाच नावे ठेवायची, हे तुला शोभत नाही.

अरे, तू मिरजेचा आहेस. सतारमेकर गल्लीतून रोज शाळेत यायचास. तंबोऱ्याची जवारी लावताना तू किती वेळा दारात उभा राहून पाहिले आहेस! कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा बारीकसा दोरा घालतो, तार छेडतो, दोरा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. दोरा चुकीच्या जागी असेल तर तंबोरा मुका. केसभर सरकला की तोच तंबोरा बोलायला लागतो. भोपळा तोच, तारा त्याच, लाकूड तेच. त्या कारागिराने तंबोरा बोलत नाही म्हणून भोपळा फेकून मोठा आणला, असे कधी पाहिलेस का? मग तू का निघालास?

काल मी तुला अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी लावायला सांगितली, ती काही करमणूक म्हणून नव्हे. खाँसाहेब आपल्या मिरजेचे. मद्रासला आले, इथल्या जाणकारांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोविलच्या रेल्वे स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. ते स्टेशन तुझ्या घरापासून मोटारीने फार तर दीड तास. तू कधी गेला नाहीस, तो विषय वेगळा. त्यांच्या तबकड्या एका वाहिनीच्या. म्हणजे तुझ्या डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून अक्षरश: तोच आवाज निघतो. स्पीकर नीट मांडलेले असतील तर दोन्ही ठिकाणी काहीच ऐकू येऊ नये. मधल्या रिकाम्या हवेत, टीव्हीच्या मधोमध, एक माणूस गात असावा. तुझ्याकडे काय झाले? खाँसाहेबांचा सूर चपलांच्या कपाटाशी जाऊन बसला. मी तुला विचारले, "आवाज कुठून येतोय?" तू म्हणालास, "सगळीकडून." ते उत्तर न ऐकता दिलेले होते. तू चौदा महिने न ऐकताच बसला आहेस.

आता कारण ऐक. तुझा सोफा मधोमध नाही. त्याच्यावरच्या मधल्या जागेपासून उजवा स्पीकर डाव्यापेक्षा दोनेक फूट जवळ आहे. चेन्नईच्या तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. वर्गात मी ३४० सांगितले होते, ते थंडीतले समज. म्हणजे एका फुटाला ०.८७ मिलिसेकंद. आपल्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आवाजाला फार तर ०.७ मिलिसेकंद जास्त लागतात आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. लॉर्ड रॅले यांनी हे १९०७ मध्ये मांडले. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवले की जो आवाज आधी पोहोचतो, कान त्याच्याच बाजूने कौल देतो. तू दोन फुटांचा फरक ठेवलास. मग खाँसाहेब उजवीकडे जाणार नाहीत तर कुठे जातील?

आणि ते घुमणे. त्यानंतर तू म्युझिक अकॅडमीतल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लावलेस. मृदंगाच्या डाव्या तोंडाचा एकच ठोका पडला आणि डाव्या कोपऱ्यात कुणी पिंप लोटल्यासारखा आवाज झाला. सर सी. व्ही. रामन तुझ्याच शहरात प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले, १९०७ मध्ये तिथून एम.ए. झाले. मृदंगाच्या आणि तबल्याच्या शाईमुळे कातड्यातून इतके सुरेल उपस्वर कसे निघतात, हे त्यांनी १९२० मध्ये जगाला सांगितले. त्या वाद्याचा तू पत्र्याचा डबा केलास. आणि दोष दिलास स्पीकरला!

नववीच्या सहलीत आपण विजापूरला गेलो होतो. गोलघुमटाच्या सज्जात तू हाक मारलीस आणि ती फिरून फिरून परत आली, तेव्हा तूच मला विचारले होतेस की भिंत आवाज कसा परत देते. तो प्रश्न विचारणारा मुलगा कुठे गेला? तुझ्या हॉललाही भिंती आहेत. खालच्या पट्टीचा आवाज स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जात नाही, तो चोहीकडे पसरतो. मागे भिंत असली की ती तो परत फेकते आणि त्यात सहा डेसिबलपर्यंत भर घालते. कोपऱ्यात दोन भिंती आणि खाली फरशी, तिघी मिळून फेकतात. शिवाय तुझी खोली सोळा फूट बाय अकरा फूट. सोळा फुटांच्या दिशेने ३६ हर्ट्झच्या आसपास आणि अकरा फुटांच्या दिशेने ५२ च्या आसपास लाटा भिंतीभिंतींत अडकून उभ्या राहतात. हे दोन्ही सूर उठवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कोपरा. तू स्पीकर तिथेच कोंबलास आणि सोफा समोरच्या भिंतीला चिकटवून डोके भिंतीला टेकवून बसलास, जिथे त्या लाटांचा दाब सर्वांत जास्त. घुमणारच.

"पण बाई, रिसीव्हरने माइक लावून सगळे आपोआप बसवले आहे." हे तू काल दोनदा म्हणालास. तो माइक कुठे ठेवला होतास तेही सांगितलेस. सोफ्यावर, उशीला टेकवून. तुझे कान उशीत असतात का? तो माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तिपाईवर, पाठीपासून सुटा ठेवायचा असतो. आणि नीट ठेवला तरी यंत्र काय करील? कमी-जास्त करील, थोडा उशीर घालील. स्पीकर उचलून कोपऱ्याबाहेर आणण्याचे काम हातांचे आहे. इथल्या सत्यम चित्रपटगृहात २०१२ साली 'शिवाजी' चित्रपटाची थ्रीडी आवृत्ती डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये लागली, भारतात पहिल्यांदा, हे तूच मला कौतुकाने सांगितलेस. तिथला आवाज थोर म्हणालास. तिथे प्रत्येक स्पीकरची जागा, उंची आणि कोन मोजून ठरवलेला असतो म्हणून तो थोर आहे. तू तुझ्या घरात टेपसुद्धा काढली नाहीस.

तेव्हा आता टेप काढ. टीव्ही सोळा फुटांच्या भिंतीच्या मध्यावर आहे, ते बरे आहे. दोन्ही स्पीकरांच्या मधे आठ फूट अंतर ठेव, मध्यापासून मध्यापर्यंत. म्हणजे प्रत्येकाला बाजूची भिंत चार फूट दूर पडते आणि एकीकडचा पॅसेजही तेवढा त्रास देणार नाही. मागच्या भिंतीपासून स्पीकरचा पुढचा चेहरा अडीच फूट पुढे आण. तुझ्या स्पीकरला पाठीमागे भोक आहे, त्यातून हवा बाहेर पडायला जागा लागते. ते भोक तू आजवर पाहिले तरी होतेस का? मग सोफा पुढे ओढ. मधे बसणाऱ्याचे डोके दोन्ही स्पीकरांपासून बरोबर आठ-आठ फुटांवर यायला हवे. तिन्ही बाजू आठ फूट, समभुज त्रिकोण, आठवीतला. सुतळी घे, एकाने डोक्याच्या जागी धरायची, दुसऱ्याने स्पीकरपर्यंत ताणायची. डोके मागच्या भिंतीपासून दीड फूट सुटते. दीड फूट फार नाही, मला मान्य आहे. पण भिंतीला टेकण्यापेक्षा बरेच बरे, आणि घरात माणसांना चालायलाही जागा हवी. प्रत्येक स्पीकर मध्यरेषेपासून तीस अंशांवर येईल. पाच वाहिन्यांसाठी जगभर हाच कोन धरतात.

मग वळवणे. इथे घाई करशील तर मला कळेल. आधी दोन्ही सरळ समोर तोंड करून ठेव आणि मधल्या जागी बस. तुला दोन्ही पेट्यांची आतली बाजू दिसेल. आता थोडे थोडे आत वळव. आतली बाजू दिसेनाशी झाली की दोन्ही थेट तुझ्याकडे पाहताहेत. तिथून एक बोट मागे ये, आतली बाजू नुसती पट्टीएवढी दिसू दे. खाँसाहेब लाव. आवाज सैल, पसरट वाटला तर आणखी आत. टोचायला लागला, कानात खुपला, तर बाहेर. उंच स्वर ट्वीटरच्या समोर अरुंद पट्ट्यात जातात, म्हणून दोन बोटांच्या वळणाने फरक पडतो. एका बैठकीत पाच वेळा उठावे लागेल. ऊठ.

तुझी बायको सोफ्याच्या डाव्या टोकाला बसते. ती म्हणाली, "मला तर एकच स्पीकर ऐकू येतो." ती बरोबर बोलली आणि तू हसलास. त्या हसण्याबद्दल तिची क्षमा माग. तिच्यासाठी स्पीकर आणखी आत वळव, इतके की दोन्ही रेषा तुझ्या डोक्याच्या पुढेच छेदतील. मग जवळचा डावा स्पीकर तिच्यापासून तिरका होतो, त्याचे उंच स्वर तिला कमी येतात, आणि लांबचा उजवा तिच्या रोखाने बोलतो. दोहोंचा तोल बराचसा सावरतो. मधल्या खुर्चीतली धार थोडी कमी होईल. घरात तीन माणसे पाहतात, तू एकटा नाहीस. ती धार गेली तर जाऊ दे.

एका गोष्टीने तर मी थक्क झाले. दोन्ही स्पीकरांच्या पुढच्या कडेखाली तू वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या आहेस, तोंड छताकडे वळावे म्हणून. आवाज पसरतो असे तुला कुणीतरी सांगितले. ज्याने सांगितले त्याने चूक सांगितले आणि तू तपासले नाहीस. तुझ्या ट्वीटरची उंची मी ओढणीने मोजली, सोफ्यावर बसल्यावर माझ्या कानाइतकीच निघाली. बनवणाऱ्याने ती तशीच ठेवली होती. तू पेटी मागे कलवलीस की ट्वीटर आणि खालचा स्पीकर यांचे कानापासूनचे अंतर बदलते, दोघे जिथे एकमेकांच्या हाती स्वर देतात तिथे सूर एकमेकांना खातात, आणि माणसाचा आवाज पोकळ होतो. घड्या काढ. काटे लाव, फरशीला ओरखडे नकोत म्हणून खाली चकत्या ठेव, आणि पाणसळ धरून पेटी चारी बाजूंनी सरळ कर.

तारा मी तपासल्या. लाल लालला, काळी काळ्याला, दोन्हीकडे बरोबर. तेवढे तू नीट केले आहेस, ते मी नाकारत नाही.

फरशी गुळगुळीत, भिंत कोरी, एका अंगाला काच. उंच स्वर त्यांवर आदळतात. स्पीकर आणि सोफा यांच्यामधे भवानी गावचे जाड जमक्काळम, म्हणजे सतरंजी, अंथर. तुझ्या सासूबाईंनी दिलेले कपाटात घडी घालून ठेवले आहे, मी पाहिले. बाजूच्या भिंतीवर मुलीला आरसा सरकवायला सांग. मधे बसून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे पुस्तकांची मांडणी उभी कर. जमक्काळमाने घुमणे जाणार नाही, ते फक्त जागा बदलून जाते. म्हणून आधी जागा.

शनिवारी सकाळी दहाला मी येते आहे. स्पीकरच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा हव्यात. पुस्तिका पिशवीबाहेर हवी आणि तू ती वाचलेली हवी, मी प्रश्न विचारणार आहे. विकायची जाहिरात टाकली असशील तर आजच काढ. खाँसाहेब लावीन, तुला डोळे मिटायला सांगेन, आणि आवाज जिथे आहे तिथे बोट दाखवायला लावीन. सुतळी मी आणते. कुंडी तू आजच्या आज खाली उतरव.